पायाखालची जमीन सुटते तेव्हा : मंगामधलं उडणं

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय. विषयांतरं मात्र तशीच ठेवलीत, कारण ती काढली तर फारसं काही उरत नाही.)

आर्णीहून बोलतोय. शेजारी लग्न आहे, त्यामुळे मधूनच बँडचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे बाबा कंबलपोष यांच्या यात्रेत एक खेळणं हमखास मिळतं. पीळ दिलेली पट्टी आणि तिच्यावर बसवलेला प्लॅस्टिकचा पंखा. खालून बोटानं जोरात वर ढकलायचं, की पंखा गरगर फिरत हवेत सुटतो. गेल्या खेपेला माझ्या भाच्याला घेऊन दिलं. त्यानं पहिल्याच फटक्यात तो पंखा समोरच्या दुकानाच्या टिनावर नेऊन टाकला. आता हा भोकाड पसरणार म्हणून मी खिशात हात घातला, तर पोट्टं शांतपणे वर बघत विचारतं, "मामा, हे डोक्याले लावलं तर उडता येईन का?"

डोरेमॉन बघणारं पोरगं. दुसरं काय विचारणार?

पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. जपानी कॉमिक्स, म्हणजे मंगा (मंगेशचा मंगा नव्हे, बरं का), वाचायला लागून मला सात-आठ वर्षं झाली. मध्येच जाणवलं की यातलं निम्मं जग सारखं उडतंय. रोबो उडतो, चेटकीण उडते, डुक्कर विमान चालवतं, शाळेतला नापास पोरगा उडतो. नुसती शक्ती दाखवायला उडत असते तर मी एवढा विचार केला नसता. पण उडताना त्यांना मजा येते, आणि ती मजा वाचणाऱ्याच्या पोटात गोळा आणते. हे होतं कसं, यावर आज बोलू.

बॅम्बू कॉप्टरचं गणित

डोरेमॉनपासूनच सुरू करू, कारण तो आपल्या सगळ्यांच्या घरात येऊन गेलाय. २००५ पासून तो आपल्याकडे टीव्हीवर हिंदी बोलतोय. मूळ मंगा फुजिको एफ. फुजिओ यांची, १९६९ च्या अखेरीस मुलांच्या मासिकांत सुरू झालेली. हिंदीत आपण ज्याला बॅम्बू कॉप्टर म्हणतो, त्याचं जपानी नाव ताकेकॉप्टर. 'ताके' म्हणजे बांबू. जपानमध्ये 'ताकेतोम्बो' नावाचं जुनं खेळणं आहे, शब्दशः बांबूचा चतुर. बांबूच्या काडीवर बांबूचंच पातं, दोन्ही तळव्यांत धरून फिरवायचं आणि सोडायचं. म्हणजे आमच्या यात्रेतल्या त्या प्लॅस्टिकच्या पंख्याचा चुलतभाऊच. फुजिकोंनी तेच खेळणं पोराच्या डोक्याला लावलं. भाच्याचा प्रश्न जपानमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच कुणाला तरी पडला होता तर.

आता मजा बघा. हे यंत्र जादूचं असूनही त्याला हिशेब आहे. वेग ताशी ८० किलोमीटर, आणि सलग आठ तास चालवलं की बॅटरी उतरते. नोबिता आणि डायनोसॉरच्या मोठ्या गोष्टीत तर पोरांना याच कारणानं थांबत थांबत प्रवास करावा लागतो. आर्णी ते यवतमाळ साधारण चाळीस किलोमीटर, म्हणजे बॅम्बू कॉप्टरनं अर्धा तास. एस.टी.नं किती लागतो ते तुम्हाला माहीत आहे आणि मला पण.

हा हिशेब फुजिकोंनी का ठेवला असेल? त्यांनी कुठे सांगितलंय की नाही, ते सोडा. मला वाटतं ते असं : बॅटरी संपू शकते हे माहीत असलं की वर असण्याची किंमत कळते. कधीच न संपणाऱ्या गोष्टीची मजा चार दिवसांत संपते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्या आकाशातून आग पडली

आता जरा मागे जाऊ. मंगाची चर्चा करताना ही गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते.

१९४५. दुसऱ्या महायुद्धाचं शेवटचं वर्ष. अमेरिकन विमानं जपानी शहरांवर आगीचे बॉम्ब टाकत होती, आणि घरं लाकडाची, कागदी दारांची. ओसाकात सोळा वर्षांचा एक विद्यार्थी कारखान्यात कामाला जुंपलेला होता. तो हल्ल्यातून थोडक्यात वाचला. त्याचं नाव ओसामु तेझुका. मंगाचा पितामह म्हणतात तो हाच.

युद्ध हरल्यावर जपानला विमानं बांधायला, त्यावर संशोधन करायला, उडवायला बंदी आली. ही बंदी १९५२ मध्ये उठली, देशाचं सार्वभौमत्व परत मिळालं तेव्हा, एप्रिलच्या शेवटाला. आणि त्याच एप्रिलमध्ये एका मुलांच्या मासिकात तेझुकांची 'तेत्सुवान अ‍ॅटम' सुरू झाली. आपण त्याला अ‍ॅस्ट्रो बॉय म्हणतो. एक लाख अश्वशक्तीचा, पायांतून जेट सोडत उडणारा रोबो पोरगा. ज्या देशावर अणुबॉम्ब पडले त्या देशाच्या लाडक्या पोराचं नाव अ‍ॅटम.

तारखा जुळल्या हा योगायोगच असणार, त्यावर मी इमला बांधत नाही. पण वाचणाऱ्या पोरांचा विचार करा. त्यांच्यातल्या मोठ्यांना आकाशाकडे बघून पळायची सवय लागलेली होती. घूं घूं आवाज आला की खड्ड्यात शिरायचं. आणि आता त्याच आकाशातून एक मुलगा हसत येतोय.

हायाओ मियाझाकींचं तर घरच विमानांचं. काका-वडिलांचा कारखाना झीरो या जपानी लढाऊ विमानाचे सुकाणू बनवायचा. घर त्या पैशावर चाललेलं. आणि चार वर्षांचा असताना उत्सुनोमिया शहरावरच्या हवाई हल्ल्यातून हे पोरगं घरच्यांबरोबर पळालेलं. विमानावर जीव आणि विमानाची भीती, दोन्ही एकाच घरात वाढलेलं. पुढे मियाझाकी जन्मभर विमानंच काढत राहिले. लोक त्यांचे चित्रपट बघतात, पण 'नाउसिका' ही त्यांनी मंगा म्हणून १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं काढली. सात खंड, तपकिरी शाईत छापलेले. चित्रपट १९८४ चा, म्हणजे त्यात गोष्टीचा सुरुवातीचा भागच आलाय. बाकीचं वाचायचं असेल तर कागदच.

नाउसिकाकडे एक पांढरं छोटं उडतं यान आहे, मेहवे. जर्मन भाषेत सीगल पक्ष्याला जो शब्द आहे त्यावरून. इंजिन जरासं, जास्त काम वाऱ्याचं. ती मुलगी त्यावर पालथी झोपते, कधी दांडा धरून उभी राहते, आणि वारा वाचते. वाचते हाच शब्द बरोबर आहे. आपल्याकडे जुनी माणसं पावसाआधीचा वारा वाचतात ना, तसा. तिच्या आजूबाजूला युद्ध आहे, विषारी जंगल आहे, जळणारी मोठी लढाऊ विमानं आहेत. तरी ती वर गेली की दोन-तीन चौकटींपुरता श्वास मोकळा होतो. माझ्या मते मंगामधलं सगळ्यात चांगलं उडणं हेच. खाली काय जळतंय ते ती विसरत नाही, आपल्यालाही विसरू देत नाही.

आपल्याकडे बघा. हनुमान उडतो तो बहुतेक वेळा कामासाठी. लंकेला जायचंय, संजीवनी आणायचीय. पण लहान मारुती? तो सूर्य बघतो, फळ समजतो आणि सरळ झेप घेतो. काम नाही, निरोप नाही, नुसती झेप. आणि मग वज्र बसतं हनुवटीवर. झेप आणि फटका दोन्ही त्याच गोष्टीत आहेत. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये 'लंका दहन' काढला तेव्हा पडद्यावर मारुती उडताना पाहायला माणसं लोटली होती. उडणारं कुणी दाखवा, लोक येणारच.

कागद उडतो कसा

बरं. सिनेमात वारा ऐकू येतो, चित्र हलतं. मंगात काय आहे? काळी शाई, पांढरा कागद, आवाज नाही, हालचाल नाही. तरी पोटात गोळा येतो. कसा?

पहिली युक्ती म्हणजे कोंडणं. चांगला मंगाकार उडण्याच्या आधी तुम्हाला गुदमरवतो. लहान लहान चौकटी, जवळून काढलेले चेहरे, भिंती, विजेच्या तारा, छपरं. मग तुम्ही पान उलटता आणि एकदम दोन्ही पानं मिळून एकच चित्र. चौकटीची रेघच गायब. कोपऱ्यात माणूस छोटासा, खाली गाव, बाकी सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात काहीच काढलेलं नसतं आणि तेच आकाश असतं. पान उलटायची ती अर्धी सेकंद म्हणजे जमिनीवरून पाय सुटायचा क्षण.

आता आपली अडचण. आपण वाचतो मोबाइलवर. उभा फोन धरला की त्या जोडचित्राचे दोन तुकडे होतात, आणि माणूस एका तुकड्यात, गाव दुसऱ्यात. मी कित्येक महिने असंच वाचलं आणि मनात म्हणायचो, लोक एवढं काय कौतुक करतात राजेहो. मग एकदा चुकून फोन आडवा झाला. तेव्हा कळलं आपण काय घालवत होतो. तर, जोडचित्र आलं की फोन आडवा करा. शुएइशा प्रकाशनाचं मंगा प्लस अ‍ॅप आहे, २०१९ पासून. बऱ्याच मालिकांची सुरुवातीची आणि ताजी प्रकरणं त्यात फुकट मिळतात, इंग्रजीत. चोरीच्या साइटवर धुरकट पानं बघण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक. मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणजे पुढे जाणारा माणूस डावीकडे उडतो. सुरुवातीला मला वाटायचं, हा सारखा परत का येतोय?

दुसरी युक्ती आवाजाची, आणि इथे मराठी माणसाचे कान टवकारायला हवेत. जपानी भाषेत अनुकरणवाचक शब्दांचा खजिना आहे, आणि मंगाकार ते शब्द चित्रातच काढतात, अक्षराला आकार देऊन. जोराचा वारा 'ब्यूऽ'. कापसासारखं हलकं तरंगणं 'फुवा'. आणि काहीच आवाज नाही, नुसती शांतता, तिलाही शब्द आहे, 'शीऽन'. विचार करा, शांततेचा आवाज पानावर लिहितात!

हे आपल्याला परकं वाटायचं कारणच नाही. चिमणी भुर्रकन जाते. पारवे फडफडत उठतात. पाखरांचा थवा भर्रकन वळतो. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवली की दगड सूंऽऽ करत जातो. पिकलं पान भिरभिरत खाली येतं. उडण्याच्या प्रत्येक प्रकाराला वेगळा आवाज आपल्या आजीकडे तयार आहे. इंग्रजीतून मंगा वाचताना हे सगळं 'वूश' आणि 'व्हूम'मध्ये संपतं, तेव्हा मी मनातल्या मनात मराठी आवाज भरतो. नाउसिका निघते तेव्हा भुर्रकन, उतरते तेव्हा भिरभिरत. करून बघा, चित्र बदलतं.

तिसरी गोष्ट जमीन. उडणारा माणूस काढणं सोपं आहे. अवघड काय, तर खालचं गाव काढणं. छपरं वरून कशी दिसतात, रस्ता कसा वळतो, सावली कुठे पडते. सावली नसेल तर माणूस उडत नाही, कागदावर नुसता चिकटलेला दिसतो.

सगळेच उडायला लागले की

आता थोडं वाईट बोलतो. चाहते रागावतील.

'ड्रॅगन बॉल', अकिरा तोरियामांची, १९८४ ते १९९५. सुरुवातीला छोट्या गोकूकडे पिवळा ढग आहे, किंतोउन. मन निर्मळ असेल तरच त्यावर बसता येतं, नाहीतर आरपार खाली. काय सुंदर कल्पना आहे! नुसतं उडणंच नाही, तुम्ही कोण आहात याची परीक्षा पण. पुढे मात्र हळूहळू सगळेच उडायला लागले, नायक, खलनायक, झाडून सगळे. आणि उडणं म्हणजे रिक्षा झाली. इथून तिथे जायचं साधन. कुणी खाली बघत नाही.

तोरियामांना हे जाणवलं असावं असा माझा अंदाज, कारण बऱ्याच उशिरा त्यांनी एक प्रसंग घातलाय. गोहान व्हिडेलला उडायला शिकवतो. व्हिडेल साधी माणूस, शाळेतली मुलगी, हट्टानं शिकायला बसलेली. ती जमिनीपासून जराशी वर उचलली जाते आणि तिचा चेहरा बघा. शेकडो प्रकरणं लोक डोंगर फोडत उडतायत, आणि मला लक्षात राहिलं ते हे थोडंसं उंच होणं.

याच्या उलट 'हायक्यू!!'. हारुइची फुरुदाते, २०१२ ते २०२०. व्हॉलीबॉलची मंगा. यात कुणी उडत नाही. जादू नाही, यंत्र नाही. हिनाता नावाचा बुटका मुलगा आहे, सुरुवातीला उंची १६२ सेंटिमीटरच्या आसपास, आणि समोर जाळ्यापलीकडे उंच पोरांचे हात, भिंतीसारखे. त्याच्या शाळेच्या संघाचं चिन्ह कावळा. एके काळी नावाजलेला संघ, आता लोक त्यांना उडता न येणारे कावळे म्हणतात. आणि प्रेक्षकांत लावलेल्या त्यांच्या झेंड्यावर एकच आज्ञा लिहिलेली, उडा म्हणून.

हिनाता उडी मारतो. त्या भिंतीच्या वर डोळे जातात आणि पलीकडचं मैदान दिसतं. बस्स. एखादी सेकंद. फुरुदाते त्या एका सेकंदाला अख्खं जोडपान देतात.

आमच्याकडे संध्याकाळी पोरं मैदानात जाळी बांधून व्हॉलीबॉल खेळतात. मी त्यातला कच्चा खेळाडू. पण एकदा, एकदाच, चेंडू बरोबर वर आला, उडी बरोबर बसली आणि जाळीच्या वरून मला पलीकडच्या सहाही पोरांचे चेहरे वर बघताना दिसले. चेंडू बाहेर मारला मी, ते सोडा. पण 'हायक्यू' वाचताना ती पानं मला जपानी वाटली नाहीत.

फुलसावंगी

इथे एक गोष्ट सांगायचीय जी मी दोन वेळा रेकॉर्ड करून पुसली.

आपल्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यात, फुलसावंगी. ऑगस्ट २०२१. वेल्डिंग-पत्र्याचं काम करणारा चोवीस वर्षांचा एक तरुण. आठवीपर्यंत शिकलेला. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यानं एका माणसाचं हेलिकॉप्टर बनवलं होतं, गाडीचं इंजिन बसवून. रात्री जमिनीवरच चाचणी घेताना पातं तुटलं आणि तो गेला. बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्याचा व्हिडिओही फिरला. मीही तो ग्रुपवर पुढे पाठवला होता, आणि खाली काहीतरी हुशारीचं लिहिलं होतं. ते काय होतं ते सांगणार नाही.

त्याच सुमारास मी जपानमधल्या काझुहिको हाचिया यांच्याबद्दल वाचत होतो. हे कलाकार. नाउसिकाचं मेहवे खरोखर बनवायचं असं त्यांनी २००३ मध्ये ठरवलं. आधी इंजिन नाहीच, ताणलेल्या रबरी दोरीनं ओढून जमिनीलगत तरंगणारं ग्लायडर. कित्येक वर्षं फक्त तेवढंच. मग जेट इंजिन. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ऑश्कॉशच्या मोठ्या विमानमेळ्यात ते स्वतः त्यावर पालथे झोपून उडले. मंगातलं पान सोळा वर्षांनी आकाशात. आणि आपल्या मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याला नोंदणी क्रमांक मिळाला. पण यादव पेशानंच वैमानिक. विमानाची भाषा त्यांना येत होती, दार कुठलं ठोठवायचं तेही माहीत होतं.

फुलसावंगीच्या पोराकडे वेल्डिंग मशीन होतं आणि मोबाइल. ओढ तिघांची एकच होती, आणि कमीजास्त कुणाची होती असं मला वाटत नाही. फरक होता तो जमिनीचा. हाचियांच्या पायाखाली सराव करायला मोकळी धावपट्टी होती, चुका बघणारी माणसं होती, सोळा वर्षं होती. याच्या पायाखाली दुकानासमोरची जागा, आणि डोक्यात पंधरा ऑगस्टला उडवून दाखवायचं होतं, असं बातमीत आलेलं.

म्हणून मला आता मंगामध्ये कुणी सहज उडालं की कंटाळा येतो, आणि बॅटरी, वारा, सावली, पडण्याची भीती दाखवली की मी पान परत उलटतो. ज्यांनी ती पानं काढली त्यांना वरून काय काय पडू शकतं हे माहीत होतं. तरी त्यांनी वर बघणं सोडलं नाही.

भाच्याला मी काय उत्तर दिलं, असं रेकॉर्डिंग करणारा मित्र खुणेनं विचारतोय. मी म्हटलं, डोक्याले लावून नाही येणार, पंखा लहान पडते. त्यानं विचारलं, मग केवढा लागन? मी म्हटलं, घरी जाऊन हिशेब करू. आम्ही बसलो खरंच वही घेऊन. त्याचं वजन बावीस किलो. तिथून पुढे मला येईना, म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे गेलो. त्यांनाही लगेच येईना, पण त्यांनी फळ्यावर मांडायला सुरुवात केली. अजून चाललंय. रविवारी परत बसणार आहोत.

यात्रेतला तो पंखा अजून त्या टिनावरच आहे. पावसात जरा पांढरा पडलाय.